‘एस्केप फ्रॉम प्रिटोरिया’ : मूळ वृत्तान्त व त्यावरील चित्रपट

दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथील तुरुंगांतून ता. ११ डिसेंबर १९७९ रोजीं सायंकाळीं तीन राजबंदी निसटून गेले. त्यांनीं भुयार खणलें नाहीं, गज कापले नाहींत, किंवा पहारेकऱ्यावर शस्त्र उगारलें नाहीं. तुरुंगाच्याच कारखान्यांत सुतारकामासाठीं मिळणाऱ्या लांकडापासून त्यांनीं किल्ल्या घडविल्या, त्या किल्ल्यांनीं एकामागून एक दारें उघडलीं आणि ते पायीं चालत रस्त्यावर आले. या तिघांपैकीं टिम जेन्किन यानें ही हकीकत स्वतः लिहून काढली. ती ‘एस्केप फ्रॉम प्रिटोरिया’ या नांवानें १९८७ सालीं लंडन येथें छापली गेली, व पुढें २००३ सालीं ‘इन्साइड आउट’ असें नवें नांव धारण करून दक्षिण आफ्रिकेंत पुन्हां निघाली. पहिल्या आवृत्तीचेंच नांव घेऊन फ्रान्सिस अ‍ॅनन या दिग्दर्शकानें एक चित्रपट केला व तो २०२० च्या मार्च महिन्यांत लोकांसमोर आला. त्या चित्रपटाचें परीक्षण प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

जुने कागद, मुद्रा, पोथ्या व शिलालेख यांस वाहिलेल्या पृष्ठांवर चित्रपटाची चर्चा कित्येक वाचकांस अस्थानीं वाटेल. परंतु जो चित्रपट केवळ करमणुकीचा दावा न करतां ‘ही गोष्ट घडलेली आहे’ असें सांगतो, तो आपण होऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत येऊन उभा राहतो. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करणें हें आमचें नित्याचें काम आहे. शिवाय मूळ पुस्तक वाचणारे थोडे व चित्रपट पाहणारे फार, हें उघड आहे. आणखी पन्नास वर्षांनीं या घटनेविषयीं सामान्य लोकांस जें ठाऊक असेल, तें बव्हंशीं या चित्रपटांतून उतरलेलें असेल. सुटकेच्या कथांस प्रक्षेपांची बाधा इतर कथांहून लवकर होते, याचा अनुभव आमच्या वाचकांस घरच्याच उदाहरणावरून आहे. आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट बखरकारांनीं किती परींनीं रंगविली, आणि त्या दिवसांत आग्र्यास असलेल्या रजपूत कारकुनांचीं पत्रें हातीं आल्यावर १६६६ च्या त्या प्रसंगावर केवढा निराळा उजेड पडला, हें येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं.

प्रथम मूळ वृत्तान्त. टिम जेन्किन व स्टीफन ली हे दोघे केप टाउनचे गोरे तरुण. तेथील विद्यापीठांत त्यांची ओळख झाली, तेथून पुढें लंडनला जाऊन ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला मिळाले आणि तिचें काम अंगावर घेऊन मायदेशीं परतले. ही संस्था १९६० पासून बेकायदा ठरविलेली होती. तेव्हां तिचीं पत्रकें वांटणें हाच मोठा अपराध. गर्दीच्या रस्त्यांत एखादी पेटी ठेवून द्यावी, ठरल्या वेळीं तिचा लहानसा स्फोट व्हावा आणि कोणास इजा न होतां पत्रकें हवेंत उडून लोकांच्या पायांशीं पडावीं, अशी त्यांची युक्ति होती. १९७८ च्या मार्च महिन्यांत ते पकडले गेले. त्याच वर्षीं जूनमध्यें जेन्किन यास बारा व ली यास आठ वर्षांची शिक्षा झाली. तिसरा आलेक्सांद्र मूंबारिस. हा ग्रीक वंशाचा, ईजिप्तांत जन्मलेला व पुढें फ्रान्सांत राहिलेला मनुष्य. लढ्यासाठीं शिकवून तयार केलेल्या माणसांस देशांत गुप्तपणें उतरविण्याच्या कामांत तो १९७२ सालीं पकडला गेला व १९७३ सालीं त्यास बारा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे दोघां तरुणांनीं तुरुंगाचा उंबरठा ओलांडला तेव्हां या तिसऱ्याचीं सहा वर्षें गजांआड गेलेलीं होतीं. हा काळाचा हिशेब वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

हे तिघेहि गोरे कसे, याचें उत्तर त्या राज्याच्या घडणींत आहे. वर्णभेदाचें राज्य तुरुंगांतहि वर्ण पाळीत असे. १९६४ च्या रिव्होनिया खटल्यांत नेल्सन मंडेला प्रभृतींस जन्मठेप झाली व ते रॉबेन बेटावर गेले. त्याच खटल्यांत तीच शिक्षा झालेला डेनिस गोल्डबर्ग मात्र गोरा म्हणून एकटाच प्रिटोरियास ठेवला गेला. एका गुन्ह्याच्या, एका निकालाच्या व एका शिक्षेच्या माणसांची अशी कातडीवरून वांटणी झाली. अशा गोऱ्या राजबंद्यांचा एक लहानसा समुदाय प्रिटोरियास होता आणि सुटकेची ही सर्व खटपट त्या समुदायांत, त्याच्या माहितीनें व मदतीनें झाली.

आतां किल्ल्यांविषयीं. आमच्या वाचकांस या पुस्तकाचा जो भाग सर्वांत मोलाचा वाटेल तो हाच असल्यामुळें त्यावर थोडें थांबतों. जेन्किनपाशीं कोणतीहि किल्ली हातांत घेऊन पाहण्याची सोय नव्हती. पहारेकऱ्याच्या कंबरेस लटकणारी किल्ली तो दुरून, चालतां बोलतां पाही. तिचा दांडा केवढा, दांते किती, कोणता उंच व कोणता ठेंगणा, हें मनांत धरून तो मागाहून त्याचें टिपण करी. दुसरीकडे कुलपाचें तोंड समोर होतेंच. किल्लीचा दांता कुलपाच्या भोंकांतून जाणार, तेव्हां भोंकाची उंची व रुंदी हीच किल्लीची कमाल मर्यादा. ती ठरली कीं उरला प्रश्न फक्त खांचांचा. खांचा डोळ्यांनीं अंदाजावयाच्या, लांकडांत कोरावयाच्या, कुलपांत घालून पाहावयाच्या आणि जेथें अडेल तेथें पुन्हां कानशीनें घासावयाच्या.

हा क्रम वाचतांना ज्यानें खंडित पोथीवर काम केलें आहे त्यास आपलीच रीत आठवल्यावांचून राहणार नाहीं. मूळ प्रत दुसऱ्याच्या पेटींत, ती हातीं देण्यास मालक नाखूष, एखाद्या वेळीं दोन घटका दृष्टीस पडेल तेवढ्यांत जें टिपतां येईल तें टिपावयाचें. आणि मग वृत्त, व्याकरण व संदर्भ यांच्या मर्यादेंत बसेल असा पाठ कल्पून तो लावून पाहावयाचा. लागला तर अर्थ मोकळा होतो, न लागला तर अक्षर घासावयाचें. संस्कृतांत किल्लीस कुञ्चिका किंवा कुञ्जिका म्हणतात. नागेशाच्या लघुमञ्जूषेवर कुञ्जिका नांवाची एक टीका आहे. मञ्जूषा म्हणजे पेटी, आणि तिची ही किल्ली. शास्त्राच्या पेटीस किल्ली करणारे पंडित आम्हांस ठाऊक होते. येथें खऱ्याच दारास अनुमानानें किल्ली करणारा भेटतो. नैयायिक ज्यास कार्यावरून कारणाचें अनुमान म्हणतात, तें इतक्या शुद्ध रूपांत व इतक्या मोठ्या जोखमीनें क्वचितच कोणीं केलें असेल. कारण पोथीचा कल्पित पाठ चुकला तर टीकाकार हंसतात. लांकडाचा दांता कुलपांत मोडला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहारेकऱ्याची किल्ली आंत शिरत नाहीं आणि पुरावा कुलपाच्या पोटांत सांपडतो.

यापुढील अडचण अधिक बिकट होती. कोठडीस दोन दारें. आंतलें गजांचें, त्याच्या कुलपापर्यंत हात पोंचे. बाहेरचें भरीव लोखंडी, आणि त्याचें कुलूप बाहेरून लावण्याचें. किल्ली तयार असूनहि ती घालावयास भोंकच आंतून नाहीं! तेव्हां झाडूच्या दांड्यास एक फिरतें अवजार जोडून, तें खिडकींतून बाहेर काढून, न दिसणाऱ्या भोंकांत किल्ली बसवावयाची व आंत उभें राहून फिरवावयाची, अशी तोड जेन्किननें काढली. तें दार एकदां उघडल्यावर मग रात्रीच्या वेळीं हळूहळू पुढचीं दारें. एक साधलें कीं परत कोठडींत येऊन सर्व पूर्ववत् करावयाचें, कांहीं आठवडे थांबावयाचें, आणि मग पुढचें. अशीं दहा दारें मोजलीं जात. शिक्षा लागल्यापासून सुटकेपर्यंत सुमारें अठरा महिने गेले; त्यांतला बहुतेक काळ दारें उघडण्यांत नव्हे, तर उघडलेलीं दारें पुन्हां लावून गप्प बसण्यांत गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे या माणसांच्या धीराची कल्पना येते.

अखेरच्या रात्रींचा एक विनोद इतिहासानें स्वतःच करून ठेविला आहे. नऊ दारें कौशल्यास वश झालीं. शेवटचें, रस्त्याकडचें दार कोणत्याहि किल्लीस वश होईना. तेव्हां ज्यांनीं दीड वर्ष एक ओरखडा उमटूं दिला नाहीं त्यांस तें दार हत्यारानें पोखरून उघडावें लागलें. कोठल्याहि कादंबरीकारानें असा शेवट योजिला असता तर त्यास रसभंगाचा दोष लागला असता. खऱ्या हकीकतीची ओळख पुष्कळदां अशा न शोभणाऱ्या तपशिलावरूनच पटते.

दुसऱ्या दिवशीं सरकारनें जें केलें तेंहि साधनपरीक्षेच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आंतल्या माणसाच्या मदतीवांचून हें घडणें शक्य नाहीं अशा समजुतीनें रात्रपाळीच्या पहारेकऱ्यावर कैद्यांस सामील असल्याचा खटला भरला गेला. तो त्यांतून निर्दोष सुटला. म्हणजे लांकडाच्या साक्षीहून माणसाचा अपराध अधिकाऱ्यांस अधिक विश्वसनीय वाटला. संशोधकांतहि हा स्वभाव आढळतो. वस्तु समोर असतां तिच्याकडे न पाहतां आधीं ठरविलेल्या मताकडे पाहणारे लोक सर्व खात्यांत असतात.

पुस्तकाविषयीं एक सावधगिरीची सूचना येथेंच करावी. तें घटनेनंतर सात-आठ वर्षांनीं, लढा चालूं असतां, त्या लढ्यांतील एका कार्यकर्त्यानें लिहिलेलें आहे. १९८७ सालीं ती संस्था अद्याप बेकायदाच होती. तिच्यावरील बंदी १९९० च्या फेब्रुवारींत उठली. तेव्हां कोणी किती मदत केली याविषयीं पहिल्या आवृत्तींत हात राखून लिहिलें असणें स्वाभाविक आहे. ज्या कोणास या विषयाचा अभ्यास करावयाचा असेल त्यानें १९८७ ची व २००३ ची अशा दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून वाचाव्या. एकीवरच विसंबूं नये. परंतु किल्ल्या, कुलपें, मापें व क्रम याविषयीं लेखक ज्या निरलंकार बारकाईनें लिहितो, ती बारकाई ज्यानें तें काम स्वतः केलें त्याचीच असूं शकते.

आतां चित्रपट. प्रथम त्याचे गुण मोकळ्या मनानें सांगितले पाहिजेत. दिग्दर्शकास या गोष्टीचा नायक कोण हें कळलें आहे. तो नायक म्हणजे किल्ली. जेन्किनची भूमिका करणारा डॅनियल रॅडक्लिफ हा लहानपणींच जगप्रसिद्ध झालेला नट; पण येथें त्याचें तोंड ओळखीचें आहे याचा प्रेक्षकास लवकरच विसर पडतो, कारण दृष्टि त्याच्या बोटांवर खिळून राहते. लांकडाची कीस, कानशीचा आवाज, कुलपांत दांता शिरतांना होणारी बारीक कुरकुर, दूरवर वाजणारे बूट, यांवर चित्रपटाचा सारा डोलारा उभा आहे. किल्ली हातून निसटून बाहेर फरशीवर पडते व ती परत आंत ओढून घ्यावयाची आहे, या एका क्षुल्लक गोष्टीवर दिग्दर्शक इतका वेळ खर्च करतो कीं प्रेक्षकाचा श्वास कोंडतो. नाट्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर भयानकाचा स्थायी भाव येथें कोण्या राक्षसावर अवलंबून नाहीं. वीतभर लांकूड व हातभर अंतर एवढाच विभाव त्यास पुरतो. मारामारी व पाठलाग यांच्या भाराखालीं सुटकेचे इतर चित्रपट वांकतात. हा त्या मानानें पुष्कळ संयमी आहे. तुरुंगाचा देखावा ऑस्ट्रेलियांत अ‍ॅडलेड येथें उभा केलेला असून प्रिटोरियाचा नव्हे, पण त्यानें कथेस बाध येत नाहीं. गोल्डबर्गचें काम इअन हार्ट यानें केलें आहे व तें या चित्रपटांतील सर्वांत चांगलें काम होय असें आमचें मत आहे.

आणखी एक गोष्ट संग्राहकांस आवडेल. बंद्यांस भेटावयास आलेल्या लोकांच्या दालनाचें एक दृश्य आहे. त्यांत एका बाजूस बसलेला एक वृद्ध कैदी हा खुद्द टिम जेन्किन आहे. क्षणभर दिसतो व जातो. हस्तलिखिताच्या समासांत ग्रंथकाराचें स्वतःचें अक्षर सांपडावें तसा हा प्रकार. चित्रपट शंभर वर्षें टिकला तर त्याचा हा क्षण कागदपत्रांत जमा होईल, बाकीचा काव्यांत.

इतकें झाल्यावर मुख्य आक्षेपाकडे वळतों. चित्रपटांत जेन्किन आहे, ली आहे, गोल्डबर्ग आहे, मूंबारिस नाहीं. त्याच्या जागीं लेनर्ड फाँतेन नांवाचा एक फ्रेंच कैदी आहे. हा दोघांबरोबर बेत करतो, दोघांबरोबर निसटतो. त्याचा लहान मुलगा त्यास भेटावयास येतो व बापाच्या दुःखाचा तो प्रसंग प्रेक्षकांच्या मनांत घर करतो. पण लेनर्ड फाँतेन नांवाचा कोणी मनुष्य प्रिटोरियाच्या तुरुंगांत नव्हता. दोघे खऱ्या नांवानें व तिसरा कल्पित नांवानें, असा हा संमिश्र पाठ आहे.

हें नांव आलें कोठून? येथें पाठचिकित्सेची संवय उपयोगी पडते. प्रक्षिप्त श्लोक पुष्कळदां आपल्या जन्मस्थानाची खूण बरोबर घेऊन येतो. सुटकेच्या चित्रपटांत ज्याचें स्थान सर्वमान्य आहे तो रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५६ चा चित्रपट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस आठवेल कीं त्याच्या नायकाचें नांव फाँतेन हेंच आहे. त्या चित्रपटाच्या फ्रेंच नांवाचा अर्थ ‘मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला’ असा होतो. जर्मनांनीं फ्रान्स व्यापला असतां लियाँ येथील माँल्युक तुरुंगांतून १९४३ च्या ऑगस्टमध्यें आंद्रे देविन्यी नांवाचा एक फ्रेंच अधिकारी निसटला. त्याच्या स्वतःच्या हकीकतीवरून तो रचलेला आहे. त्यांतला फाँतेन चमच्याचें टोंक घासून त्याची पटाशी करतो, तिनें ओकच्या दाराच्या फळ्या एकेक करून सोडवितो, पांघरुणें व बिछान्याची तार यांचा दोर वळतो. दार, लांकूड, हातानें घडविलेलें हत्यार, महिनोन् महिने गुप्तपणें केलेलें काम, या सर्व गोष्टी प्रिटोरियाच्या कथेंत पुन्हां येतात. तेव्हां प्रिटोरियाच्या चित्रपटांत नेमका फ्रेंच कैदीच फाँतेन व्हावा, हा योगायोग मानण्यास आमचें मन तयार नाहीं. शिष्यानें गुरूस केलेला हा नमस्कार आहे. नमस्कार करण्यास हरकत नाहीं. परंतु तो दुसऱ्याचें नांव पुसलेल्या जागेवर केला आहे.

ब्रेसाँनेंहि देविन्यीचें नांव बदलून फाँतेन केलेंच कीं नाहीं, असा प्रतिपक्ष येथें उभा राहील, व तो दुबळा नाहीं. त्यास उत्तर असें. ब्रेसाँनें नायकाचें नांव बदललें, सोबत्याचेंहि बदललें. त्यानें संपूर्ण कथा कल्पित नांवांच्या प्रदेशांत नेली आणि प्रेक्षकास तसें पाहण्याची मोकळीक दिली. शिवाय मूळ लेखक देविन्यी याचें नांव चित्रपटाशीं जोडलेलेंच राहिलें. ज्यास मूळ शोधावयाचें त्यास वाट बंद झाली नाहीं. येथें तसें नाहीं. दोन खऱ्या नांवांच्या शेजारीं तिसरें खोटें नांव बसविलें कीं तें त्यांच्या संगतीनें खरें वाटूं लागतें. अस्सल सनदेंत एकच नांव खरवडून दुसरें घातलें तर ती सनद संपूर्ण बनावट कागदाहून अधिक घातक होते; कारण बनावट कागद कोणीहि पारखतो, पण या सनदेचें कागद, शाई, शिक्का, तारीख सर्व खरें असतें.

आणि खरवडलें कोणाचें नांव? ज्यानें तिघांत सर्वांत अधिक वर्षें भोगलीं त्याचें. जेन्किन व ली यांनीं पकडले गेल्यापासून सुमारें पावणेदोन वर्षांत तुरुंग सोडला. मूंबारिस १९७२ पासून १९७९ पर्यंत सात वर्षांहून अधिक काळ बंदींत होता. त्यास त्या इमारतीची, तेथील पहाऱ्याची व दिनक्रमाची जी माहिती होती ती नवख्या दोघांस असणें शक्य नव्हतें. तो आफ्रिकेचा नव्हता, तेथील गोऱ्यांच्या राज्यानें त्याचें वैयक्तिक कांहीं बिघडविलें नव्हतें. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठीं तो परदेशांत जाऊन बंदी झाला. अशा मनुष्याच्या चरित्रांतील हा एक दिवस जगास ठाऊक होण्याची संधि आली, आणि त्या दिवशीं पडद्यावर दुसराच कोणी चालत बाहेर पडला. जेन्किन स्वतः चित्रपटांत दिसतो, म्हणजे त्यास हें सर्व मान्य असेल, असें कोणी म्हणेल. असेना का. ग्रंथकारानें आपल्या ग्रंथाची प्रत मान्य केली तर ती प्रत ग्रंथकारापुरती प्रमाण होते. तिसऱ्याचें नांव देऊन टाकण्याचा अधिकार तेवढ्यानें कोणास मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप पहिल्याच्याच जातीचा, पण सौम्य. मूळ हकीकतींत सुटका ही समुदायाची कृति आहे. त्या वर्षांत त्या तुरुंगांत गोल्डबर्गशिवाय डेव्हिड किट्सन, रेमंड सटनर, जेरेमी क्रोनिन अशीं माणसें होतीं; क्रोनिन तर पुढें आपल्या तुरुंगांतील कवितांनीं ख्याति पावला. चित्रपटांत हा समुदाय पार्श्वभूमीस ढकलला जाऊन दोन तरुण, एक फ्रेंच व एक वडीलधारा सावध सल्लागार एवढेच शिल्लक राहतात. गोल्डबर्गच्या रेखाटनांत तर खरोखर अन्याय होतां होतां राहिला आहे. आरंभीं तो धोक्याची सूचना देणारा, शिक्षा निमूटपणें भोगावी अशा मताचा वृद्ध वाटतो. प्रत्यक्षांत तो त्या वेळीं सेहेचाळीस वर्षांचा होता, शिकलेला स्थापत्यविशारद होता, आणि बेतांत त्याचा भाग होता. सुटकेच्या सायंकाळीं कांहीं निमित्त काढून पहारेकऱ्यास आपल्या कोठडीकडे बोलावून घेण्याचें व तिघांस वाट मोकळी करून देण्याचें काम त्यानें केलें. तो स्वतः गेला नाहीं. जाणारे गेले आणि सोळा वर्षें बंदींत काढलेला हा मनुष्य पहारेकऱ्याशीं बोलत मागें राहिला. त्याची सुटका १९८५ सालीं, बावीस वर्षांनीं झाली. हा प्रसंग चित्रपटांत आहे व चांगला उतरला आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण ज्या मनुष्यानें दार उघडून दिलें आणि स्वतः आंत राहिला, त्याच्यावर कॅमेरा दोन क्षण अधिक थांबता तर चित्रपटाचें काय बिघडलें असतें? गोल्डबर्ग २०२० च्या एप्रिलमध्यें वारला. चित्रपट बाहेर पडल्यास तेव्हां दोन महिनेहि झाले नव्हते.

राजकारणाविषयीं चित्रपट हात आंखडून आहे. आरंभीं पत्रकांचा स्फोट, कोर्टांतला निकाल, आणि मधून मधून एखादा संवाद, एवढ्यावर भागविलें आहे. पहारेकरी क्रूर आहेत हें दिसतें. पण तुरुंगच वर्णावरून वांटलेले आहेत, या तिघांचे खरे सहकारी शेंकडों मैलांच्या अंतरावर एका बेटावर बंदींत आहेत, आणि आपण गोरे आहों म्हणूनच रस्त्यावर आल्यावर आपणांकडे कोणी संशयानें पाहणार नाहीं, हें या कैद्यांस पक्कें ठाऊक आहे, याचें दडपण प्रेक्षकाच्या मनावर येत नाहीं. वास्तविक सुटकेच्या उत्तरार्धांतील सारा थरार या शेवटच्या गोष्टींत आहे. त्यांची कातडी हीच त्यांची अकरावी किल्ली होती, आणि ती त्यांस घडवावी लागली नव्हती. जेन्किनसारख्या मनुष्यास याची जाणीव टोंचल्यावांचून राहिली नसेल. चित्रपटानें ती टोंचणी दाखविली असती तर तो केवळ कुलपांचा चित्रपट न राहतां त्या देशाचा झाला असता.

सुटकेनंतर ते स्वाझीलँडमार्गें मोझांबिकमध्यें पोंचले व कालांतरानें जेन्किन लंडनला गेला. येथें चित्रपट संपतो. पण जेन्किनचें किल्ल्यांचें काम संपलें नव्हतें, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांस सांकेतिक लिपींचा नाद आहे त्यांस सांगितलें पाहिजे. १९८० नंतरच्या दशकांत काँग्रेसच्या बाहेरच्या नेत्यांचा देशांतील गुप्त कार्यकर्त्यांशीं व्यवहार फार संथ व धोक्याचा होता. तेव्हां जेन्किननें लंडनमध्यें बसून लहान संगणक व दूरध्वनि यांच्या साह्यानें सांकेतिक संदेश पाठविण्याची एक व्यवस्था उभी केली. हिंदी वंशाचे मॅक महाराज ज्या मोहिमेंत १९८८ सालीं गुप्तपणें देशांत शिरले त्या मोहिमेचा सारा पत्रव्यवहार तिच्यावर चालला. सांकेतिक लिपीच्या शास्त्रांतहि संदेश उलगडण्याच्या साधनास किल्लीच म्हणतात. आणि त्या मोहिमेचें नांव होतें ‘वूला’. झुलू भाषेंतील ‘मार्ग उघडा’ अशा अर्थाच्या शब्दाचें तें पूर्वपद आहे. पहिल्या किल्ल्या तीन माणसांच्या उपयोगी पडल्या. दुसऱ्या किल्लीनें मंडेला यांच्यापर्यंत, ते बंदींत असतांनाच, बाहेरचा निरोप पोंचूं लागला. कोणा चतुर दिग्दर्शकानें या दुसऱ्या किल्लीवर चित्रपट करावा. मात्र त्यांत कोणाचें नांव बदलूं नये.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहांत हा चित्रपट येईल त्यांनीं त्याची नोंद करतांना शेरा असा लिहावा : विषय, प्रिटोरिया तुरुंगांतील सुटका, ११ डिसेंबर १९७९, मूळ आधार, टिम जेन्किन याचें पुस्तक, आवृत्ति १९८७ व २००३, किल्ल्या व कुलपें यांविषयीं विश्वसनीय, माणसांविषयीं तपासून घ्यावें, लेनर्ड फाँतेन हें नांव प्रक्षिप्त, त्या जागीं आलेक्सांद्र मूंबारिस असें वाचावें.